तिसरीच्या मुलांना वर्गाबाहेर नेलं की ती नुसती उधळतात. बाहेर शिकवायचं तरी कसं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या मराठी शाळेत तिसरीला शिकवता, पटावर चाळीस मुलं आहेत, 'परिसर अभ्यास' परिसरात जाऊनच शिकवा असं वरून सांगितलंय, आणि दोनदा नेलं तर दोन्ही वेळा गोंधळ झाला. मी बावीस वर्षं प्राथमिकला शिकवते. माझीही मुलं उधळली होती, म्हणून लिहायला बसले.

मी तेव्हा नवी होते आणि हौस दांडगी. थेट वेताळ टेकडी गाठली. बेचाळीस मुलं, सोबत दोन पालक, आणि मी पुढे चालत 'हा पळस, हा पांगारा, ही काटेसावर' अशी हजेरी घेतल्यासारखी नावं घेत सुटलेली. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. बहुतेकांनी लिहिलं होतं, 'आम्ही टेकडीवर गेलो. डबा खाल्ला. खूप मजा आली.' एकाला तर वाघही दिसला होता.

तेव्हा पहिले दोन महिने फाटकाबाहेर पडूच नका. शाळेचं मैदान, वीस मिनिटं आणि एकच काम. मी दर जोडीला तीनेक मीटर सुतळी देते, टोकं बांधून जमिनीवर गोल करायचा. त्या गोलात काय काय आहे ते बघायचं, मोजायचं, चित्र काढायचं. मैदान म्हणजे खेळाचा तास हे मुलांच्या डोक्यात पक्कं असतं, म्हणून ती पळतात. सुतळी पडली की प्रत्येकाला आपापली जागा मिळते आणि पाय थांबतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच गोल, त्याच जागी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला 'बाई, आमच्यातला केना यांच्या गोलात गेला' अशा तक्रारी यायला लागतात. केना, आघाडा, एकदांडी ही नावं मी आता आधी सांगत नाही. मुलांनी 'ही पिवळ्या डोक्याची' म्हणून चार वेळा विचारलं की मग 'एकदांडी' सांगायचं.

माझा सगळ्यात आवडता पाठ सावलीचा. शाळेतली लाकडी मीटरपट्टी वाळूच्या डब्यात उभी रोवायची. ती सरळ आहे का हे बघायला दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करायचा, त्यावरून मुलं भांडतात, भांडू द्यावं. मग बारा ते एक दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. सगळी मुलं पैजेवर सांगतात की बरोब्बर बाराला सावली सगळ्यात छोटी होणार. होत नाही. पुण्यात ती वेळ साधारण साडेबाराच्या आसपास येते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या थोडी पुढे, तर फेब्रुवारीत पावणेएकच्याही पुढे. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य आपल्याकडे पस्तीसेक मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. उरलेला फरक महिन्यागणिक बदलतो, त्याचं कारण तिसरीत काढू नका. 'घड्याळ माणसांनी ठरवलंय' एवढं त्यांना पुरतं, आणि हे ऐकून त्यांना फार आनंद होतो.

हाच पाठ वर्षातून तीनदा करा. 21 डिसेंबरच्या आसपास मीटरपट्टीची दुपारची सावली जवळजवळ 90 सेंटीमीटर, उत्तरेकडे. शाळा उघडल्यावर जूनमध्ये ऊन मिळालं (मिळालं तर!) तर जेमतेम 8-9 सेंटीमीटर, आणि तीही दक्षिणेकडे. 'बाई, उलटी पडली' असं कुणीतरी ओरडतंच. अजिबात सावली न पडण्याचा दिवस पुण्यात 13-14 मेच्या सुमारास येतो. तेव्हा सुट्टी असते, म्हणून तो गच्चीवरचा गृहपाठ.

मैदानाची सवय झाली की एकदाच लांब जा. मी आता जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराच्या लेण्यात नेते. आदल्या आठवड्यात मैदानाच्या कडेचा काळा दगड हातात देते, खडबडीत, कधी आत पांढरे खडे अडकलेले. मग लेण्यातल्या खांबांवर हात फिरवायला लावते. तोच दगड, बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला. आठव्या शतकात लोकांनी तो वरून खाली कोरत नेला. 'मग उरलेला दगड कुठे टाकला?' हा प्रश्न एका मुलीने विचारला होता. मला उत्तर देता आलं नाही, पण तास सत्कारणी लागला.

काळजी थोडक्यात: पालकांची लेखी संमती, दहा मुलांमागे एक मोठं माणूस, पाणी, टोपी. कपारीत, वारुळात, दगडाखाली हात घालायचा नाही. झाडावर किंवा इमारतीवर आग्यामोहोळ दिसलं तर मुकाट्याने मागे फिरायचं, तिथे शिट्टीही नको.

पोर्शनची चिंता करू नका. लांबी, वेळ, दिशा, वनस्पती हे सगळं पुस्तकात आहेच, फक्त तुम्ही कुठल्या धड्यात टिक करायची ते आधी ठरवून ठेवा. आणि कुणी हे परदेशी खूळ म्हणालं तर शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कुरणशाळेची आठवण करून द्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली.

शेवटी तुम्ही विचारलंय, पावसाळ्यात काय? सरळ भिंतींची बरणी उघड्यावर ठेवायची, रोज ठरल्या वेळी आतल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची आणि ओतून टाकायची. दुसऱ्या दिवशी पेपरातला शिवाजीनगर वेधशाळेचा पावसाचा आकडा शेजारी लिहायचा. आमचे आकडे सहसा जुळत नाहीत, कारण पुण्यात एका पेठेत पाऊस आणि दुसरीत ऊन हे नेहमीचंच. गेल्या वर्षी वेधशाळेपेक्षा आमचा आकडा बराच जास्त आला, तेव्हा बरणी सांभाळणारा पोरगा ठामपणे म्हणाला, 'बाई, त्यांची बरणी झाडाखाली असणार.'