तीन पैसे, पंधरा रुपये आणि वहीत उरलेली पै

प्रश्न : आजीच्या डब्यात तीन पैशांची सहा कोनांची नाणी सापडली. एक, दोन आणि पाच पैसे असताना तीन पैसे कशाला काढले? शिवाय अशी नाणी लाखाला विकली जातात असे निरोप मोबाइलवर येतात, ते खरे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : लाखाचं आधी निकालात काढू. ॲल्युमिनियमचं हे नाणं १९६४ साली आलं आणि कोट्यवधींच्या संख्येने पाडलं गेलं. त्याचे लाख देणारा माणूस तुम्हाला भेटणार नाही. आधी 'नोंदणी फी' भरा म्हणणारा मात्र हटकून भेटेल. जुन्या नाण्यांच्या नावावर आपलं नाव वापरून फसवणूक चालते, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. तो निरोप पुसून टाका.

आता तीन पैसे. माझी नोकरी रोखपालाची, त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरत नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै म्हणजे रुपया. जुनी नाणी एका दिवसात गेली नाहीत, नव्यांबरोबर चालत राहिली आणि बदलाचा तक्ता सगळीकडे लागला. एका आण्याचे खरे तर सव्वासहा नवे पैसे व्हायचे, पण तक्त्यात सहा. दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, पावलीचे, म्हणजे चार आण्यांचे, बरोबर पंचवीस. जुन्या एका पैशाचे दोन नवे, ढब्बूचे, म्हणजे जुन्या दोन पैशांचे, तीन.

गंमत बघा. जुन्या पैशाला मिळणारी वस्तू एकेक करून घेतली, तर दर वेळी दोन नवे पैसे जायचे. चौसष्ट वेळा घेतली की रुपयाच्या मालाला एक रुपया अठ्ठावीस पैसे. तोच माल ढब्बूढब्बूने घेतला, तर बत्तीस त्रिक शहाण्णव, म्हणजे उलट रुपयामागे चार पैसे वाचले! सगळ्यात थोडं घेणारा सगळ्यात जास्त भरणार, असा तो तक्ता होता. गोळाबेरीज कुठेतरी करावीच लागते हे मान्य, पण तिचा भार कुणावर पडला तेही पाहावं.

तीन पैसे ही रक्कम अशी ढब्बूच्या जागेवर बसलेली होती. सात वर्षांनी तिला स्वतःचं नाणं मिळालं. १ जून १९६४ पासून 'नवा पैसा' यातला 'नवा' गळाला, तेच हे वर्ष. पुढे महागाईने तीन पैशांत काही येईनासं झालं आणि १९७१ नंतर चलनासाठी ते पाडणं थांबलं. त्याचा भाऊबंद म्हणजे १९६८ चं कमळाचं पितळी वीस पैशांचं नाणं. तेही १९७१ पर्यंतच टिकलं. १९८२ मध्ये वीस पैसे परत आले, पण ॲल्युमिनियमचे, आणि पितळेचा रुबाब कुठला त्यांना!

प्रश्न : पंचम जॉर्जचं आठ कोनांचं चार आण्यांचं नाणं माझ्याकडे आहे. पावली चांदीची आणि गोल असते ना? हे बनावट आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : त्यावर १९१९, १९२० किंवा १९२१ यांपैकी साल असेल, तर आकारावरून घाबरायचं कारण नाही. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव इतका चढला, की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग होण्याची वेळ आली. लोकांनी रुपये दडवले, काहींनी वितळवले. सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली, १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची. त्या वर्षी अमेरिकेने कायदा करून आपल्या साठ्यातली चांदी हिंदुस्थानला विकली, तरी ओढ संपेना. मग लहान नाण्यांतून चांदी काढून तांबं-निकेल घातलं. एका आण्याचं कातरलेल्या कडांचं निकेली नाणं १९०७ पासून होतंच. आता चवली (दोन आणे) चौकोनी झाली, पावली अष्टकोनी आणि अधेली (आठ आणे) गोल. सगळ्याच एका रंगाच्या, तेव्हा बोटांना आकारावरून ओळख पटावी ही सोय. अधेली १९१९ आणि १९२० अशी दोनच वर्षं पाडली गेली. तुमच्या वाचकमित्रांपैकी कुणाकडे ती असेल, तर पावलीपेक्षा तिच्याकडे आधी पाहा.

प्रश्न : पंधरा रुपयांचं नाणं होतं असं कुणी सांगितलं. थाप ना?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : थाप नाही. १९१८ साली मुंबईत सोन्याचं पाडलं. तेव्हा सॉव्हरिन या इंग्रजी सोन्याच्या नाण्याचा सरकारी भाव पंधरा रुपये होता, आणि हे नाणं त्याच्याच वजनाचं. मुंबईला विचित्र नाण्यांची सवय जुनी आहे. १७९१ मध्ये कंपनी सरकारने मुंबई इलाख्यासाठी बर्मिंगहॅमहून तांब्याची नाणी पाडून आणली, त्यांत दीड पैशाचंही होतं.

प्रश्न : पणजोबांच्या वहीत 'रु. आ. पै' असे तीन रकाने आहेत, सालं १९५० च्या पुढची. पण पैचं नाणं आजोबांनीही वापरल्याचं आठवत नाही म्हणतात.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आजोबांचं बरोबर आहे. एक पैचं आणि अर्ध्या पैशाचं नाणं १९४२ नंतर पाडलं गेलं नाही. युद्धात तांबं हवं होतं. पैशालाही १९४३ मध्ये मधोमध भोक पडलं, आणि त्याचं वजन जुन्या पाव आण्याच्या निम्म्याहून खाली आलं. १९५० च्या प्रजासत्ताकी नाण्यांत सर्वांत लहान होता घोड्याचा पैसा, पै नव्हतीच. वहीतून मात्र ती १९५७ पर्यंत हलली नाही, कारण व्याज, वर्तावळा (नाणी बदलण्याचा बट्टा) आणि वाटण्या तिच्याशिवाय जुळत नसत. दोन पै कुणी कुणाला हातात देऊ शकत नव्हतं, पण त्यांवरून बेरीज चुकली तर कारकुनाची संध्याकाळ जायची.

ताजा कलम : अनेकांनी विचारलंय म्हणून. पावली आणि तिच्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैसे अजून कायदेशीर आहेत, दुकानदार काहीही म्हणो. आणि कृपा करून जुनी नाणी चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, संग्राहक ती चकाकी पाहूनच भाव पाडतो.