तुम्हाला रोजच्या खाण्यापिण्यात काय आवडतं, आणि इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचे कोणते अल्बम तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकता?

प्रश्नाखाली विचारणाऱ्यांनी आणखी एक ओळ जोडली आहे: 'पुण्या-मुंबईबाहेर हे संगीत कोणी ऐकतं का?' त्याचं उत्तर आधी देतो. ऐकतात. मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात केळी करतो आणि हे संगीत बहुतेक वेळा शेतातच ऐकतो. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्याआड रात्रीची असते. मोटर चालू केली, ठिबकचे व्हॉल्व्ह पाहून घेतले, की पुढे बराच वेळ नुसतं थांबायचं. झोपून चालत नाही, लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. अशा वेळी एकेक गाणं शोधत बसण्यापेक्षा अख्खा अल्बम लावून द्यावा. या संगीताला तेवढा वेळ द्यावाच लागतो. सात-आठ मिनिटं एकच ठेका चालतो, त्यात हळूच एक सूर शिरतो, दुसरा कधी गेला ते कळत नाही. रीलच्या अर्ध्या मिनिटात त्यातलं काहीही हाती लागत नाही, आणि मग लोक म्हणतात, 'हे काय, नुसतं धडधड!'

आता खाणं. केळीवाल्याला विचारलंत तर पहिलं नाव वेफर्सचंच येणार. सावदा, फैजपूर, रावेर या रस्त्याला जागोजागी कढया लागलेल्या दिसतात. तिथे दोन मिनिटं उभं राहून बघा. कढईवर किसणी आडवी धरून सोललेलं कच्चं केळं थेट तेलात किसतात, म्हणजे चकत्या एकमेकींना चिकटत नाहीत. मग वरून मिठाचं पाणी शिंपडतात. तेल एकदम तडतडतं, फेस काठापर्यंत येतो. तो फेस बसला, तडतड थांबली, की चकतीतलं पाणी गेलं असं समजायचं आणि झारा घालायचा. केळं मात्र घट्ट, भरलेलं आणि पूर्ण कच्चं हवं. जरा पिकायला लागलं की त्यात साखर उतरते आणि चकती तेलात लाल पडते. मला मीठ आणि काळी मिरी, एवढेच वेफर्स आवडतात. टोमॅटो, पुदिना, चीज असली पूड वर मारली की केळ्याची चव मरते, आणि ती चव तयार करायला आम्ही वर्षभर राबतो, म्हणून याचा मला खरोखर राग येतो.

पण संगीत ऐकताना वेफर्स खाऊ नका. कानात घट्ट बसणारे इअरफोन असले की चावण्याचा आवाज जबड्याच्या हाडांतून आतल्या आत कानात घुमतो आणि नेमका खालचा, जाड आवाज त्यात बुडतो. भाजलेल्या बिबड्याचंही तेच. ज्वारीचं, लसूण-तीळ घातलेलं, पापडासारखं बिबडं निखाऱ्यावर भाजून कच्च्या शेंगदाण्यांबरोबर खाण्यासारखं सुख नाही, पण ते दोन अल्बमांच्या मधल्या वेळेत. ऐकताना भत्ता बरा. मुरमुरे, तिखट शेव, शेंगदाणे, कांदा, वर लिंबू, शेजारी तळलेली मिरची. कांद्याने आणि लिंबाने मुरमुरे थोडे मऊ पडलेले असतात, त्यामुळे आवाज होत नाही आणि हात तेलकट होत नसल्याने फोनही धरता येतो. भरीत मी यात धरत नाही. त्याला मंडळी लागतात, हिवाळा लागतो, कळण्याच्या पुऱ्या लागतात. तिथे गप्पा चालतात, अल्बम नाही.

पिण्यात चहा, पण थर्मासमध्ये दुधाचा चहा नेऊ नये. तासाभरात त्याला शिळा वास लागतो. मी कोरा नेतो, आलं आणि गवती चहा घालून, गूळ वेगळा. उन्हाळ्यात ताक, जिरं-मीठ घातलेलं, दुसरं काही नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा डब्यातलं ते एनर्जी ड्रिंक पिऊन रात्र काढणाऱ्या पोरांना मी कळकळीने सांगतो, ताक प्या. तालुक्याला गेलो तर रसवंती. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा ठेका चालू असताना आलं-लिंबू घातलेला रस, बर्फ कमी.

अल्बमांमध्ये पहिलं नाव एका भारतीयाचं घेतो, आणि ते मान राखण्यासाठी नाही. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी मुंबईत 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालाचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं, म्हणजे खालच्या जाड सुरांचं यंत्र. ते घेऊन दहा राग वाजवले: भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या डीजेंनी कान टवकारले, कारण असाच आवाज पुढे शिकागोच्या पोरांनी काढला होता आणि त्याला अ‍ॅसिड हाऊस म्हणतात. त्यातली पायाभूत मानली जाणारी फ्यूचर या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ ची, म्हणजे पाच वर्षं नंतरची.

यावरून 'अ‍ॅसिड हाऊसचा शोध भारतात लागला' असं लिहिणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. ३०३ हे यंत्र खरं तर एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथ म्हणून काढलेलं, ते चाललं नाही, १९८४ मध्ये बंद झालं आणि जुन्या मालात स्वस्तात मिळू लागलं. पोरांनी ते उचललं आणि बटणं फिरवून त्यातून भलताच आवाज काढला. चरणजित सिंगांनी त्याच यंत्रात दुसरी गोष्ट हेरली. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्याकडे जिला मींड म्हणतात, तिच्या जवळ जाणारी. राग वाजवायला पियानोसारखं तुटक वाद्य नडतं, हे यंत्र तिथे नडत नाही. दोघांनी एकाच यंत्रातून आपापल्या गरजेचं काढलं, आणि मला हे 'पहिला कोण' यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

ऐकताना एकच करा, रागाची वेळ पाळा. मी मध्यरात्रीनंतर मालकंस लावतो. त्यात रे आणि प हे सूर नाहीत, खाली ८०८ चा ठोका न चुकता चाललेला, वर सूर फिरतो आहे. गावच्या कीर्तनात मालकंस कानावर पडलेला असतो, म्हणून आमच्याकडच्या कुणालाही तो लगेच ओळखीचा लागतो. उजाडायच्या सुमाराला ललित, मग भैरव. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा आहे, त्यामुळे नवख्याला जड जात नाही. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. त्याआधी उतारवयात परदेशांतल्या मंचांवर त्यांनी हे पुन्हा वाजवलं, याचं मला फार समाधान वाटतं.

दुसरा अल्बम क्राफ्टवेर्क या गटाचा 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस', १९७७ चा, जर्मनीतला. आमची रानं भुसावळ-खंडवा लोहमार्गाच्या बाजूला, रात्री मालगाडी गेली की रुळांचा आवाज बराच वेळ येत राहतो. ज्याचं बालपण रेल्वेच्या आसपास गेलं, त्याला या अल्बमची ओळख करून द्यावी लागत नाही. शीर्षकाचं गाणं गाडीच्या लयीवर बांधलं आहे आणि ते थेट 'मेटल ऑन मेटल'मध्ये जातं, तिथे लोखंडावर लोखंड वाजतं. पुढे १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटाने 'प्लॅनेट रॉक'साठी याची धून उचलली आणि हिप-हॉपला नवा रस्ता मिळाला.

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं नाव सगळेच घेतात. २०१३ च्या 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज'ला ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला, वाजवणारेही एकाहून एक आहेत. तरी माझं मत १९९७ च्या 'होमवर्क'ला. त्यात चकचकीतपणा कमी आणि चिकाटी जास्त. एक वळसा घेतात आणि तो मुरेपर्यंत सोडत नाहीत. २००१ चा 'डिस्कव्हरी' दिवसा ऐकण्याचा, घरात पाहुणे असले तरी चालेल असा. प्रॉडिजी या इंग्लंडमधल्या गटाचा 'द फॅट ऑफ द लँड' झोप येत असेल तेव्हाच, एरवी डोकं उठवतो. स्वीडनच्या आव्हिचीच्या 'ट्रू'मध्ये गिटारवरची लोकगीतासारखी गाणी आणि नाचाचा ठेका एकत्र आहेत. चुलतभावांना मी तोच आधी ऐकवला आणि सगळ्यांना आवडला. एफेक्स ट्विनचा १९९२ मधला 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५-९२' नाचण्याचा नाही, कोऱ्या चहाबरोबरचा आहे.

न्यूक्लिया हा आपला भारतीय कलाकार, तो आमच्याकडच्या मिरवणुकीतही वाजतो. 'बास रानी', २०१५ चा. त्याने रस्त्यावरचा ढोल आणि ब्रास बँड जसाच्या तसा आत घेतला, लाजला नाही, हे मला आवडतं. पण तो मोठ्या स्पीकरवरचा माल आहे, इअरफोनवर लवकर थकवा येतो. आणि मोठ्या स्पीकरबद्दल एक बोलतोच: लग्नात आणि मिरवणुकीत भिंतीसारखे स्पीकर रचून म्हातारी माणसं, तान्ही पोरं यांच्या अंगावर जे सोडतात, त्याने या संगीताची बदनामी होते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. बास ऐकू येण्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही, साधन बरं लागतं. फोनच्या स्पीकरला पन्नास-साठ हर्ट्झचा ठोका काढताच येत नाही, त्यामुळे त्यावर ऐकून मत बनवू नका. वायरचे साधे इअरफोन पुरतात. शेतात मी एकच कानात घालतो, दुसरा मोकळा, म्हणजे मोटर कोरडी चालायला लागली की तिचा आवाज चढलेला लगेच कळतो, आणि पायाजवळ काही सळसळलं तर तेही. तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करायचं, नाहीतर दुसऱ्या बाजूचं अर्धं संगीत ऐकूच येत नाही.

हे सगळं आपल्याला परकं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात एकदा तरी पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य ऐकावं. धुळे-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात ते वाजतं. वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या. वाजवणारा सूर तुटू देत नाही, तीच धून फिरत राहते, थोडी बदलते, पुन्हा मूळ जागी येते, आणि लोक रात्रभर गोल धरून नाचतात. आता लग्नाच्या बँडमधला कीबोर्डवालाही पावरीचा आवाज काढतो आणि तो निघाला की वऱ्हाडातला बसलेला माणूस उठतो. लांबलचक, न तुटणाऱ्या ठेक्यावर नाचणं खान्देशाला कुणी शिकवलेलं नाही. मला हवा आहे तो अल्बम अजून हाती लागलेला नाही: खरी पावरी, जागेवर जाऊन नीट रेकॉर्ड केलेली, वाजवणाऱ्यांची नावं आणि मानधन देऊन, खाली सावकाश ठेका, आणि एकेक तुकडा निदान दहा मिनिटांचा. तुमच्यापैकी कुणी असं काही करत असेल, किंवा झालेलं माहीत असेल, तर खाली नाव लिहा. मी विकत घेऊन ऐकेन.