भाकरीच्या तव्याचा मधला भाग उघडा पडणारच

ताई, तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: दर्यापूरकडच्या खेड्यात राहता, बिडाचा तवा आणि कढई मागवली, व्हिडिओ पाहून दोन्हीला जवसाच्या तेलाचे सहा हात दिले. दोन महिन्यांत तव्याच्या मधून काळे पापुद्रे सुटले, भाकर चिकटायला लागली, पावसाळ्यात जंग चढला. लाईनचा भरवसा नाही म्हणून ओव्हन न घेता त्याच कढईत केक होईल का, हा दुसरा प्रश्न. आणि स्टीलच्या गंजांवर पांढरे डाग का पडतात, हा तिसरा. (आपल्याकडे गंज म्हणजे पातेलं, म्हणून लोखंडावरच्याला मी इथं जंगच म्हणतो. नाहीतर पुण्याकडून वाचणाऱ्यांचा गोंधळ व्हायचा.)

तवा चांगला आहे, परत करू नका. चुकलं ते दोन ठिकाणी. तेल चुकीचं निवडलं, आणि भाकरीच्या तव्याकडून डोशाच्या तव्याचं काम मागितलं.

तेल तापलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंफतात आणि लोखंडावर पातळ, कडक कातडी धरतात. जवसाचं तेल यात सगळ्यात तेज, म्हणून तर ते रंगात आणि वार्निशात घालतात. त्याचा थर दिसतो देखणा, पण असतो ठिसूळ. तवा तापला की लोखंड फुगतं, निवलं की आकसतं. ठिसूळ थराला ती ओढाताण झेपत नाही, तो तडकतो आणि खवले होऊन सुटतो. त्यात तुम्ही एकावर एक सहा हात दिलेत, म्हणजे थर जाडही झाला. जवसाचं तेल चटणीवर घ्या, तव्याला घरातलं सोयाबीन, सूर्यफूल किंवा सरकीचं बेस. शेंगदाण्याचंही चालतं, थर जरा हळू धरतो एवढंच.

आता भाकरीचं. भाकरीला तवा अडीचशे अंशांच्या वर तापतो. दोन्ही वेळच्या दहा-बारा भाकरी, त्यावर कोरडं पीठ, मधूनमधून पाण्याचा हात. एवढ्या आचेवर तेलाचा कोणताही थर मधोमध हळूहळू जळून जातो. म्हणून रोज भाकरी होणाऱ्या तव्याच्या कडा काळ्या कुळकुळीत आणि मध्यभाग करडा, हे बरोबर चित्र आहे. तो करडा भाग पुन्हा पुन्हा काळा करत बसू नका. तिथं तेलाचा हात हवा तो फक्त जंग चढू नये म्हणून.

मग भाकर चिकटते का? बहुतेक वेळा पाण्याच्या वेळेमुळे. भाकर तव्यावर टाकताना थापताना खाली असलेली पिठाची बाजू वर येते, तिच्यावर आपण पाणी फिरवतो. हे पाणी चकाकत असतानाच उलटली तर ओली कणीक थेट तापल्या लोखंडाला लागते आणि धरून बसते. पार कोरडी होऊ दिली तर भेगा पडतात आणि भाकर फुगत नाही. चकाकी गेली, पण बोट लावलं तर ओल लागते, तेवढ्यात सराटा, म्हणजे उलथणं, घाला. दुसरं कारण तवा कमी तापलेला असणं. चिमूटभर पीठ टाकून बघा. पडल्या पडल्या काळं झालं तर आच जास्त, तसंच पांढरं राहिलं तर कमी, सावकाश तांबूस होत गेलं की भाकर टाका. तिसरं कारण पिठात. ज्वारीत ग्लूटेन नसतं, जुन्या पिठाला तर जीवच राहत नाही. थोड्या पिठात उकळतं पाणी घालून झाका, मग त्यातच उरलेलं मळा. गरम पाण्यानं पिठातलं स्टार्च फुलतं आणि चिकटपणाचं काम तेच करतं. हे तिन्ही सांभाळलं की तवा कोणताही असो, भाकर सुटते.

दुरुस्ती अशी करा. तवा थंड असताना सुटलेले खवले लोखंडी घासणीनं काढा. हट्टी असतील तर हार्डवेअरच्या दुकानातला 120 नंबरचा पॉलिश पेपर घ्या. घट्ट धरलेला थर उकरू नका, खवल्यांच्या कडा सपाट झाल्या की पुरे. जंग असेल तर व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन त्यात कापड भिजवा आणि जंगावर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. घरी व्हिनेगर नसेल तर चिंचेचा कोळ. रात्रभर ठेवू नका, आंबट पाणी जंग संपल्यावर चांगलं लोखंडही खायला लागतं. मग साबणानं धुवा, पुसा आणि लगेच मंद आचेवर वाळवा. बीड ओलं राहिलं तर दहा मिनिटांत पिवळट पडतं.

तवा हाताला सोसेल इतका कोमट असताना पाव चमचा तेल सगळीकडे चोळा, दांड्याला आणि पाठीलाही. मग कोरडं सुती कापड घेऊन ते तेल चुकून सांडलं होतं अशा रीतीनं पुसून काढा. इथंच बहुतेकांचं चुकतं. डोळ्याला ओलं दिसतं तेवढं तेल ठेवलं तर त्याचे चिकट थेंब जमतात आणि पुढे त्यांचेच पापुद्रे होतात. मध्यम आचेवर धूर निघेपर्यंत ठेवा, धूर थांबला की बंद करून आपोआप निवू द्या. असं तीन वेळा. गॅसवर कडा तापत नाहीत, म्हणून दर दोन मिनिटांनी सांडशीनं तवा सरकवत राहा. चुलीच्या रसरशीत निखाऱ्यात टाकून जुना थर जाळायचा सल्ला काही जण देतील, त्यांचं ऐकू नका. बिडात कार्बन 2 ते 4 टक्के असतो, म्हणून ते ठिसूळ. एका बाजूनं लाल झालं की वाकडं होतं नाहीतर सरळ तडा जातो. तापल्या तव्यावर गार पाणी ओतल्यावरही तेच होतं.

पावसाळ्यात रोज धुतल्यावर एक मिनिट आचेवर धरा, तेलकट कापड फिरवा आणि मोरीपासून लांब उभा ठेवा. डोसा, धिरडी, आमलेट यांच्यासाठी दुसरा तवा करा आणि त्यावर भाकर कधीच टाकू नका. त्याचा थर महिन्या-दोन महिन्यांत आरशासारखा होतो.

भाकरीसाठी पुढे कधी नवा तवा घ्यायचा तर बिडाचा हट्ट नको, आठवडी बाजारात मिळणारा लोखंडी तवा चांगला. लवकर तापतो, पडला तर फुटत नाही. फक्त जाडी बघा, आणि दुकानदाराच्या शब्दावर नको, काट्यावर बघा. 26 सेंटिमीटर व्यासाची लोखंडी चकती 2 मिलिमीटर जाड असेल तर साधारण 830 ग्रॅम भरते, 3 मिलिमीटरची सव्वा किलो, 4 मिलिमीटरची 1 किलो 670 ग्रॅम. दांड्याचं वजन वेगळं धरा. सव्वा किलोच्या खालचा घेऊ नका, पातळ तव्यावर बर्नरच्या ज्योतीचं गोल कडं भाकरीवर छापलं जातं. बिडाचं भांडं घ्यायचं असलं तर ते दोरीला लटकवून किल्लीनं ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला तर कुठंतरी केसाएवढी चीर आहे.

कढईत केक होतो, आणि चांगला होतो. कुकरपेक्षा तर नक्कीच. कुकर कोरडा तापवला की झाकणातल्या सुरक्षा व्हॉल्व्हमधला कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू जातो, रिंग कडक होते. मग त्याच कुकरात डाळ लावायची भीती वाटते, आणि वाटायलाच हवी. बिडाची कढई मात्र उष्णता धरून ठेवते, ज्योत जरा कमी-जास्त झाली तरी आतलं तापमान लगेच हलत नाही.

कढईत मीठ पसरायला सांगतात ते करू नका. पावसाळ्यात मीठ ओल ओढतं आणि लोखंडाला खड्डे पाडतं. जाड कढईला वाळूचीही गरज नाही. दोन-तीन सेंटिमीटर उंचीची लोखंडी रिंग ठेवा, वर ताटाचं झाकण. डबा असा घ्या की भोवती सगळीकडून निदान तीन सेंटिमीटर मोकळे राहतील. 28 सेंटिमीटरच्या कढईत 15 सेंटिमीटरचा डबा बरोबर बसतो. डबा साध्या, चकचकीत ॲल्युमिनियमचा. काळा नॉनस्टिक डबा उष्णता जास्त ओढतो, खालून आच असलेल्या कढईत त्याचा तळ करपतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा नको, दही-लिंबाच्या आंबटपणात जस्त उतरतं.

15 सेंटिमीटरच्या डब्याला मैदा 120 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, दही 125 ग्रॅम, तेल 60 मिलिलिटर, दूध दोन-तीन मोठे चमचे, बेकिंग पावडर पाऊण लहान चमचा, सोडा पाव लहान चमचा. आधी दही-साखर-तेल एकजीव करा, मग चाळलेलं कोरडं घाला, आणि मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. जास्त फेटलं तर केक रबरासारखा होतो. डबा अर्ध्याच्या वर भरू नका. मोठा डबा घ्यायचा असेल तर व्यासावर जाऊ नका: 15 ऐवजी 20 सेंटिमीटर म्हणजे क्षेत्रफळ पावणेदोन पट, साहित्यही तेवढं.

कढई झाकून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा. ओव्हनमध्ये ठेवायचा गोल काट्याचा थर्मामीटर मिळतो, तो जरूर घ्या. काटा 180 च्या आसपास आला की डबा ठेवा आणि लहान बर्नर मंद करा. पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. चाळिसाव्या मिनिटाला विणायची सुई खुपसून बघा. झाकणाला आतून वाफ जमून केकवर थेंब पडतात, त्यासाठी झाकणाला कापड बांधा, पण चारही टोकं वर गाठ मारून, ज्योतीकडे लोंबता कामा नयेत.

एक उणीव राहते: वरून आच नाही, त्यामुळे केकचा माथा पांढुरका. चूल पेटती असेल तर शेवटची दहा मिनिटं कापड बांधलेलं झाकण काढून लोखंडी झाकण घाला आणि त्यावर चार-पाच निखारे ठेवा. रोडगे (गोवऱ्यांच्या आचेत भाजायचे कणकेचे गोळे) भाजताना आपण वरून गरम राख लोटतो, त्याचंच हे घरगुती रूप. किंबहुना या कढईत पहिला प्रयोग रोडग्यांचाच करा, केकपेक्षा ते चूक पोटात घालतात. अर्धा किलो जाडसर दळलेले गहू, 50 मिलिलिटर तेलाचं मोहन, ओवा, मीठ, घट्ट मळायचं. लिंबाएवढ्या गोळ्यावर एक पारी, तिच्यावर दुसरी. प्रत्येक पारीच्या मध्ये तेलाचा हात, नाहीतर आतलं सगळं एकच गच्च लोळं होतं. तळाशी रिंग ठेवून मंद आचेवर झाका आणि दर दहा मिनिटांनी फिरवा. पाऊण तास तरी लागतो. गोवरीचा वास येणार नाही, तो शेतातच.

स्टीलवरचे पांढरे डाग तुमच्या पाण्याचे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तो. पाणी आटलं की क्षार भांड्याला चिकटतात. एक लिटर पाण्यात एक लहान चमचा लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घालून पाच मिनिटं उकळा, निघून जातील. पण बारीक टोचल्यासारखे खड्डे असतील तर ते क्षार नव्हेत. थंड पाण्यात मीठ टाकलं की दाणे तळाशी बसतात आणि तिथलं स्टील खातात. पाणी उकळल्यावर मीठ टाकायची सवय लावा. लिंबूफुलाचा हा उपाय बिडाच्या भांड्यावर करू नका, थर उतरेल. अंबाडीची भाजी, कढी, चिंचेचं सार हेही बिडात नको. अपाय नाही, पण काळं पडतं आणि लोखंडाची चव येते. ते सगळं स्टीलच्या गंजात.

सासूबाईंचा भंडाऱ्याचा पितळी गंज माळ्यावर आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय, तो काढा. वरणाला, खिरीला त्यासारखं भांडं नाही. मात्र आतून कुठंही पिवळं दिसत असेल तर कल्हईशिवाय आंबट काही घालू नका, तांबं उतरतं. कल्हई म्हणजे कथील, ते 232 अंशांना वितळतं, म्हणून रिकामा गंज आचेवर ठेवायचा नाही आणि धूर निघेपर्यंत फोडणी तापवायची नाही. कल्हईवाला दारावर आला की आधी कथलाची कांडी मागून घ्या आणि कानाशी धरून हळू वाकवा. शुद्ध कथील करकरतं. मुकाट्यानं वाकलं तर त्यात शिसं मिसळलेलं असू शकतं, त्याला काम देऊ नका.