तिसऱ्या दिवसाचं हिमोग्लोबिन

अगं, तुझा मेसेज वाचला. "सर, सहा ग्रे रेडिएशन देऊनही तिसऱ्या दिवशी उंदरांचं हिमोग्लोबिन नॉर्मल, डोस लागलाच नाही बहुतेक, गाईडना काय तोंड दाखवू." तोंड राहू दे, आधी लिम्फोसाइटचा, त्या पांढऱ्या पेशींचा, कॉलम दाखव. तो रिकामा का सोडलायस?

विहीर आटली तरी टाकीतलं पाणी नळाला येतच राहतं. उंदराची लाल पेशी चाळीसेक दिवस जगते, माणसाची १२०, त्यामुळे रक्तपेशी बनवणारा बोन मॅरो बंद पडला तरी हिमोग्लोबिन ढिम्म हलत नाही. न्यूट्रोफिल, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात दिवसभरसुद्धा टिकत नाहीत म्हणून ते आधी घसरतात, आणि लिम्फोसाइट तर थेट रेडिएशननेच मरतात. माणसाला किती डोस बसला याचा अंदाज पहिल्या ४८ तासांतल्या त्या उतारावरूनही बांधतात. म्हणून प्रत्येक काउंटपुढे तास लिही. नुसतं "डे ३" नको, डोसनंतर किती तास ते.

यावरून मला लॅबमध्ये सगळे हसायचे. ॲनालायझर आला तरी मी काचपट्टीवर रक्ताचा स्मिअर घेऊन मायक्रोस्कोपवर बसायचो, प्रमोशन हुकलं, रिसर्चला जायचं राहिलं ते राहिलंच, त्याची चुटपुट आहे, नाही असं नाही. पण तासांच्या कॉलमचा हट्ट मी सोडणार नाही, कारण तो बरोबर आहे, हसू देत.

चेर्नोबिलनंतर १९८६ मध्ये १३ जणांना मॅरो ट्रान्सप्लांट केलं, त्यातले दोघंच पुढे जगले, आणि त्या दोघांचा स्वतःचाच मॅरो परत आला होता. काउंट तळाला गेले म्हणजे सगळ्या स्टेम सेल, म्हणजे रक्तपेशींच्या मूळ पेशी, संपल्या असं नसतं, थोड्या उरल्या तरी पुन्हा उभं राहता येतं. पण उभं राहतंय की नाही हे एका रिपोर्टवरून कसं कळणार? ओळीने काउंट हवेत. तासांसकट!

टोरांटोत टिल आणि मॅक्युलक या संशोधकांनी उंदरांना मारक डोस देऊन वर मॅरोच्या पेशी टोचल्या, आणि दहा दिवसांनी, रविवारी, मॅक्युलक लॅबमध्ये जाऊन बघतो तर प्लीहेवर गाठी, टोचलेल्या पेशींतून वाढलेल्या. साधारण दहा हजार पेशींमागे एक. १९६१ चा पेपर आहे, वाच. तिसऱ्या दिवशी प्लीहा उघडली असती तर काय दिसलं असतं, कप्पाळ?

तेव्हा फसलं-बिसलं गाईडना सांगू नकोस. ठेवलेल्या स्मिअरवर लिम्फोसाइट मोज, उरलेल्या उंदरांचं रक्त महिनाभर काढत राहा, शेपटीतला थेंब पुरतो. आणि डोसची वेळ लिहून ठेवली नसशील (नसशीलच), तर गामा चेंबरच्या (डोस देणाऱ्या मशीनच्या) लॉगबुकातून आजच उतरवून घे, उद्या सुट्टी आहे.