उंदराच्या गाठी आटल्या, मग माझ्या भावाच्या का नाही?

प्रश्न : माझ्या भावाच्या (वय ३४) दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी निघाल्या. वडिलांनाही हेच होतं, शेवटी डायलिसिस करावं लागलं. ‘औषधाने उंदरांच्या गाठी आटल्या’ अशी बातमी वाचली. मग ते औषध माणसाला का देत नाहीत? आणि भरपूर पाणी प्यायल्याने गाठी वाढायच्या थांबतात का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वडिलांकडून मुलाकडे आलेल्या या गाठींच्या आजाराला पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात. माझी बरीच वर्षं किडनीच्या पेशी वाढवण्यात गेली, म्हणून उंदराकडे जाण्याआधी तुम्हाला एक काचेची बशी दाखवते.

१९५८ मध्ये मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या किडनीतून पेशी काढल्या. त्यांचा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. कोलॅजेनच्या जेलीत त्या सोडल्या की काही दिवसांत त्यांचे पोकळ गोळे तयार होतात, एका थराची भिंत आणि आत पाणी, किडनीतल्या गाठीसारखेच. भिंगाखाली ते भिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात. वर फोर्सकोलिन घातलं की साबुदाणा फुगायला लागतो. हे फोर्सकोलिन येतं कुठून, माहीत आहे? आपल्या वडोदऱ्यात ज्या गरमरचं लोणचं घालतात, तिच्याच मुळीतून! पहिल्यांदा तो गोळा फुगताना पाहिला त्या दिवशी मी डबा उघडायचीच विसरले. फोर्सकोलिनने पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्याचं काम करणारं रसायन वाढतं आणि पेशी आत पाणी सोडत राहतात. वजन उतरवायच्या गोळ्या म्हणूनही फोर्सकोलिन विकतात. भाऊ तसलं काही घेत असेल तर आजच बंद करायला सांगा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

माणसाच्या निरोगी किडनीतल्या पेशीला हाच निरोप्या ‘वाढू नकोस’ म्हणतो. गाठीतल्या पेशीला मात्र तो ‘वाढ’ म्हणतो. हे उंदरात नाही, रुग्णांच्या काढलेल्या किडन्यांतल्या पेशी वाढवून कळलं. मला तरी या आजाराचं मर्म इथेच दिसतं.

शरीरात हा निरोप्या वाढवणारं संप्रेरक म्हणजे व्हॅसोप्रेसिन. त्याला अडवणारी औषधं आधी उंदीर-घुशींवर वापरली, तेव्हा २००३ मध्ये गाठी कमी झालेल्या दिसल्या. मग टोलव्हॅप्टान हे त्याच जातीचं औषध १४४५ रुग्णांवर तीन वर्षं तपासलं. २०१२ मध्ये निकाल आला : किडनीचा आकार वर्षाला ५.५ टक्क्यांऐवजी २.८ टक्क्यांनी वाढला. म्हणजे तुम्ही म्हणता तसं औषध माणसापर्यंत आलेलं आहे. पण त्याने गाठी आटत नाहीत, वाढ मंदावते. तहान फार लागते, रात्री चार-चारदा उठावं लागतं, यकृताच्या तपासण्या चुकवून चालत नाहीत. ज्यांची किडनी झपाट्याने बिघडते त्यांनाच ते देतात. भाऊ त्यांत बसतो का, हे एमआरआयमधला किडनीचा आकार आणि त्याचं वय बघून नेफ्रॉलॉजिस्ट सांगतील. पुढच्या खेपेला नेमकं हेच विचारा.

तुम्ही वाचली तशी बातमी रॅपामायसिन या दुसऱ्या औषधाचीही होती. त्याने उंदरांच्या फुगलेल्या किडन्या खरंच लहान झाल्या होत्या. आम्हा सगळ्यांना केवढी आशा वाटली! २०१० मध्ये माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल आले. रॅपामायसिनने काहीच फरक पडला नाही. त्याच्या भावंडासारख्या एव्हरोलिमसने आकाराची वाढ मंदावली, पण किडनीचं काम ढासळत राहिलं ते राहिलंच. उंदराला दिलेली मात्रा माणसाला सोसत नाही, आणि किडनी आकाराने लहान राहिली म्हणजे ती वाचलीच असं नाही. तेव्हापासून अशी बातमी आली की मी आधी बघते, मोजलं काय, आकार की काम?

पाण्याचंही तसंच झालं. घुशींना जास्त पाणी पाजल्यावर गाठी कमी झाल्या. पण ऑस्ट्रेलियात १८४ रुग्णांवर तीन वर्षं करून पाहिलं, २०२२ मध्ये निकाल आला, आणि ठरवून जास्त पाणी प्यायल्याने किडनीच्या वाढीत फरक पडलेला नव्हता. तहान मारू नये, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं प्यावं, पण बळंच तांब्यावर तांबे रिचवू नयेत. ब्लडप्रेशर मात्र घरी मोजून वहीत लिहा. त्याचा उपयोग नक्की आहे.

आणि ताई, एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. वडिलांकडून हा दोष प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. तुमची सोनोग्राफी झाली आहे का?