संवाद शेवटी लिही

सांगली

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझी एकांकिका वाचली. पुरात अडकलेलं घर, वरच्या मजल्यावर बाप, मुलगा आणि सून, खालून चढणारं कृष्णेचं पाणी. २०१९ चा महापूर आपण सांगलीकरांनी अंगावर घेतलाय, त्यामुळे हा विषय तू कुठून उसना आणलेला नाहीस हे पहिल्याच पानावर कळतं. हीच गोष्ट पुढे सिनेमासाठी लिहायची म्हणतोस, तेही जरूर कर. पण एक गोष्ट मनावर घे. तू सुरुवात संवादांपासून केलीस. संवाद शेवटी लिहायचे असतात.

दाखला आपल्याच गावचा देतो. १८४३ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ केलं. पदं भाव्यांनी रचलेली, ती म्हणायचा सूत्रधार, आणि मधलं गद्य पात्रं आयत्या वेळी आपल्या मनानं बोलायची. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण ज्या खेळापासून मानतो, त्यात पात्रांची भाषणं अशी लिहून दिलेली नव्हती. तरी खेळ उभा राहिला, कारण कोण येणार, कशासाठी येणार, त्याला आडवं कोण जाणार हे आधी ठरलेलं होतं. आजच्या नटांनी आयत्या वेळी बोलावं असं मी म्हणत नाही. त्यांना वाक्यं तूच द्यायचीस. पण हे ठरवण्याचं काम तू केलेलंच नाहीस, आणि त्याची उणीव छान छान वाक्यांनी भरून काढायला बघतोयस.

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ नाटक घे, १८९९ चं. भुजंगनाथाला म्हातारपणी बायको हवी. कांचनभटाला मुलीच्या बदल्यात पैसा हवा. भद्रेश्वर दीक्षिताला लग्न जुळवल्याची दलाली हवी. कोदंडाला हे लग्न होऊ द्यायचं नाही. शारदेला काय हवं ते कुणी विचारतच नाही. एवढं मांडल्यावर यातली कुठलीही दोन माणसं समोरासमोर आण, प्रवेश आपसूक सुरू होतो. देवलांची भाषा गोड आहे, पण ती या ओढाताणीच्या अंगावर आलेली आहे.

तुझ्या घरात बापाला जागा सोडायची नाही आणि मुलाला हळदीची पोती वाचवायचीत. इथवर ठीक. सुनेला काय हवंय? ती चहा देते, ‘आता काय करायचं?’ विचारते आणि रडते. तीन माणसांच्या एकांकिकेत एक माणूस असा रिकामा ठेवणं परवडत नाही. मला विचारशील तर तिचं माहेर पलीकडच्या काठावर असू दे आणि तिथला फोन लागत नसू दे. मग बोट आल्यावर ती गप्प बसणार नाही.

आता तिसऱ्या पानावरचं वाक्य बघ. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आई गेल्यापासून तुम्ही या घराला किती धरून आहात हे मला ठाऊक आहे.’ आई गेल्याचं बापाला ठाऊक, मुलालाही ठाऊक. हे वाक्य फक्त प्रेक्षकांना माहिती द्यायला आलंय आणि ते त्यांच्या लगेच लक्षात येतं. काढून टाक. त्याऐवजी बापाला कामाला लाव. पाणी दुसऱ्या पायरीवर आलंय, सामान वर न्यायचंय, आणि बाप पोती सोडून आईच्या शिलाई मशीनकडे जातो. मुलगा म्हणतो, ‘आधी पोती.’ बाप म्हणतो, ‘त्या बाजूनं धर.’ मुलगा थांबतो, मग धरतो. किंवा धरत नाही, तो कसा आहे हे तू ठरवायचंस. पाच शब्दांत आई आली, घर आलं, बापाचा हट्ट आला. असा प्रसंग एकदा सापडला की तुझ्या पानभर संवादांची गरज उरत नाही, आणि ते खोडताना जिवावरही येत नाही.

न बोललेलं किती लांब पोचतं हे पाहायचं असेल तर खाडिलकर वाच. तेही सांगलीचेच. ‘कीचकवध’ १९०७ चं, गोष्ट महाभारतातली. पण प्रेक्षकांना कीचकात इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला. सरकारलाही तेच दिसलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

रंगमंच आणि पडदा यांतला फरक तुझ्याच गोष्टीत दाखवतो. रंगसूचनेत तू ‘पाणी घरात घुसते’ असं लिहिलंयस. ते नेपथ्यवाला कुठून आणणार? जिना मात्र तो उभा करू शकतो. मुलगा विंगेतून पहिल्यांदा वर येतो तेव्हा पँट पोटरीपर्यंत भिजलेली, पुढच्या खेपेला कमरेपर्यंत, आणि त्यानंतर तो खाली जायचंच टाळतो. पाणी किती चढलं ते प्रेक्षक स्वतः मोजतात. यात एक व्यवहारही आहे. कपडे भिजवून यायला नटाला विंगेत वेळ लागतो, तेवढा वेळ सून आणि सासऱ्याचा प्रवेश चालला पाहिजे आणि तो भरतीचा असता कामा नये. सुनेच्या माहेराची गोष्ट नेमकी तिथंच बसेल. नाटककारानं विंगेतसुद्धा काय चाललंय ते डोळ्यांसमोर ठेवून लिहायचं असतं, हे तालमीला बसल्याशिवाय अंगात मुरत नाही. म्हणून कुणाच्याही तालमीला जाऊन बस. प्रॉम्प्टिंग कर, चहा सांग, पण बस.

पडद्यावर पाणी दिसतंच, तेव्हा त्याच्याविषयी बोलायचं कशाला? पटकथेत वर दृश्याचा क्रमांक, आत की बाहेर, जागा, दिवस की रात्र. खाली वर्तमानकाळात फक्त जे दिसतं आणि ऐकू येतं ते. ‘दृश्य ७. आत. जिन्याखालची खोली. रात्र. बॅटरीच्या उजेडात शिलाई मशीनचं पायडल पाण्याखाली जातं.’ बस. ‘बापाला बायकोची आठवण दाटून येते’ असं लिहिलंस तर कॅमेरामननं काय टिपायचं? आणखी एक सुचवतो. रंगमंचावर दोघांनी मिळून मशीन उचलायलाच हवं, कारण ते वजन, ती धाप प्रेक्षकांसमोर खरी घडते. सिनेमात मशीन खालीच राहू दे. कॅमेरा त्याच्याकडे परत जाऊ शकतो, नाटकातल्या प्रेक्षकाला खालच्या खोलीत नेता येत नाही.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा सिनेमावाल्यांचा हिशेब तू ऐकला असशील. तो इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टाइपावर आणि मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत टाइप लहानमोठा झाला की तो बिघडतो. घड्याळ लावून मोठ्यानं वाच.

बोलीचं थोडक्यात. तुझी तिन्ही माणसं सारखीच बोलतात. मुलगा कलेक्टर कचेरीला फोन लावताना ‘पाणी वाढत आहे’ म्हणेल आणि फोन ठेवून बापाला ‘पाणी वाढायलंय की’ म्हणेल. हा पालट टिपलास तर बोली सजावटीसाठी वापरल्यासारखी वाटणार नाही.

कागदपत्रांचं आत्ताच डोक्यात घेऊ नकोस, पण ठाऊक असू दे. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. सिनेमाची संहिता कुणाच्या हाती देण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद होऊन ती नोंदवून ठेव. नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही, लिहून काढलेल्या मांडणीवर सांगता येतो.

तर आता नवा खर्डा लिहायचा नाही. वनलाइन करायची. प्रत्येक प्रवेशाला दोन-तीन ओळी: कोणाला काय हवं, आडवं कोण आलं, प्रवेश संपताना काय बदललं. काहीच बदलत नसेल तो प्रवेश काढ, कितीही लाडका असो. आजोबांच्या बैलजोडीच्या आठवणीचा प्रवेश त्यात जाईल असं मला दिसतंय, आणि मलाही त्याची हळहळ वाटेल, इतका तो सुंदर उतरलाय. वेगळा जपून ठेव.

वनलाइन झाली की रविवारी घरी ये. वाचणारे तिघं मी जमवतो, बाप कोण वाचणार तेही मनात आहे. तू वाचायचं नाहीस. कोपऱ्यात बसून ऐकायचं आणि ऐकणारे कुठे चुळबुळ करतात तिथं समासात खूण करायची. पेन्सिल घेऊन ये.

तुझा,
काका