पीसी तापतोय? आधी घड्याळ बघा

प्रश्न : नमस्कार सर, अकोल्यात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बॅनर वगैरे. पीसी २०२० च्या शेवटी असेंबल करून घेतला, आय-५ १०४००, प्रोसेसरसोबत आलेलाच पंखा आहे. एप्रिलपासून दुपारी स्लो व्हायला लागला म्हणून एका रिपेअरवाल्याला बोलावलं, त्यानं पंखा काढून ब्लोअरनं धूळ उडवून परत बसवला आणि त्या दिवसापासून उलट जास्तच बिघडलं. कोरलमधून फाईल एक्सपोर्टला टाकली की पंखा बोंबलतो नि पीसी खटकन बंद. आता तो म्हणतो प्रोसेसर गेला, मदरबोर्डासकट बदला. खोलीत कूलर आहे, साइडचं झाकण काढून ठेवलं तरी फरक नाही. ऐन लग्नसराईत काय करू सांगा नं.
— एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट, बोर्डाचे पैसे आत्ता कोणालाच देऊ नका. तुमच्या पत्रात दोन वाक्यं आहेत ज्यांनी अर्धं काम केलंय, एक म्हणजे पंखा काढून परत बसवल्यावर बिघडलं, दुसरं झाकण काढूनही फरक नाही.

माझ्याकडे तापणाऱ्या पीसीचं पत्र आलं की मी सगळ्यात आधी विचारतो, तापायला वेळ किती लागतो? कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर, प्रोसेसरचं तापमान दाखवणारी ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, त्यातलं एक टाका, तापमानाचा आकडा समोर ठेवा आणि एक्सपोर्ट सुरू करून घड्याळाकडे बघा. एक घोट चहा उकळायला अर्धं मिनिट पुरतं, बारा कपांचं आधण ठेवलं तर उभं राहून पाय दुखतात, तसंच आहे हे. प्रोसेसरची चकती नखाएवढी, तिच्यातली उष्णता वरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकमध्ये, म्हणजे पंख्याखालच्या धातूच्या ठोकळ्यात, नीट उतरत असेल तर ते सगळं धूड तापल्याशिवाय आकडा वर चढत नाही, त्याला मिनिटं लागतात. पण हीटसिंक प्रोसेसरला टेकतच नसेल तर तापायला फक्त ती चकती उरते आणि मग ५० वरून १०० वर जायला दहा-पंधरा सेकंद बास होतात. थोडक्यात हळूहळू चढला तर हवेचा प्रॉब्लेम, झपकन चढला तर टेकण्याचा.

तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे असं मला जवळजवळ नक्की वाटतंय, कारण हवेचा प्रॉब्लेम असता तर झाकण काढल्यावर आठ-दहा डिग्री तरी उतरला असता. खात्री करायची असेल तर आकडा ९५ च्या पुढे असताना पात्यांपासून बोट लांब ठेवून हीटसिंकच्या कडेला हात लावा. आत ९५ आणि बाहेर नुसतं कोमट? मग उष्णता मधेच अडकलीय. (पंखा फिरतोय ना, एवढं आधी बघून घ्या, पण तुमचा तर बोंबलतोय म्हणजे फिरतोय.)

आता कारण. इंटेलच्या या पंख्याला चार कोपऱ्यांना चार प्लास्टिकच्या पिना असतात आणि ही सिस्टिम ज्याने शोधून काढली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. चारातली एक जरी बोर्डाच्या भोकात पूर्ण शिरली नाही तरी हीटसिंक एका बाजूने केसभर उचललेला राहतो, वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यात पाच-सहा वर्षांची जुनी पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी मधली थर्मल पेस्ट), ती एकदा हीटसिंक उचलला की फाटते, तिच्यावरच परत ठेवला की मधे हवेचे कप्पे राहतात. त्या माणसाने पेस्ट नवी लावली का, हे विचारा त्याला, गप्प बसला तर समजून जा.

करायचं काय ते सांगतो, पाऊण तासाचं काम आहे. वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट जातो, कॅबिनेट आडवं झोपवा. बोर्डाच्या मागची बाजू दिसत असेल तर आधी तिथेच बघा, चारही भोकांतून पांढरे दुभंगलेले पाय बाहेर आलेत आणि मधली काळी खिळी खालपर्यंत गेलीय असं दिसलं पाहिजे, एखादा पाय नुसता टोकावर अडकलेला दिसला तर चोर सापडला. मग पंख्याची वायर सोडवा, पिनांच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरी फिरवून वर ओढा, हीटसिंक जरा डावीउजवीकडे हलवून उचला. दोन्हीकडची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा, धातू चकचकीत दिसला पाहिजे. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी, बास. लोक पोळीला तूप लावल्यासारखी चोपडतात, तेवढी नको. आणि टूथपेस्ट लावली तर चालते असं कोणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा, ती दोन दिवसांत वाळून भुगा होते.

बसवताना आधी चारही पिना बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा, हे विसरतात म्हणून त्या लॉक होत नाहीत. मग समोरासमोरच्या तिरप्या दोन पिना एकदम दाबा, टक् आवाज आला पाहिजे, मग उरलेल्या दोन. शेवटी हीटसिंक धरून हलकेच हलवून बघा, डुगडुगला तर परत काढा, आणि परत काढलात तर पेस्टही परत, तिथे कंजुषी नको. एखादी पिन तुटलीच असेल तर पिना सुट्या मिळतात, नाहीतर मागून स्क्रूने कसायचा प्रोसेसरचा साधा कूलर (हीटसिंक आणि पंखा एकत्र) घ्या.

कूलर म्हटलं की तुमच्याकडे खसवाला आठवणार, त्यावरून एक, त्याचं तोंड पीसीकडे करू नका, थेंब उडतात. खोली गार करतो तेवढं पुरे. खोलीत ३८ असेल तर पंखा त्याच्या खाली काहीच नेऊ शकत नाही, म्हणजे जानेवारीत जो आकडा ६५ दिसायचा तो मे महिन्यात ८० दिसला तर घाबरायचं नाही. या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे, तिथे पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, तुमचा एप्रिलमधला स्लोपणा तो हाच, आणि तरीही ताप वाढला तरच बंद पडतो. पण आकडा ७० असतानाच पीसी बंद होत असेल तर मात्र मी वर लिहिलेलं सगळं सोडा आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तपासून घ्या.

पेस्ट हातात येईपर्यंत पत्रिका अडायला नकोत, म्हणून एक जुगाड. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० असतं ते ९९ करा. टर्बो, म्हणजे लोड आला की स्पीड आपोआप वाढवणं, बंद होतो, ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत पळणारा प्रोसेसर २.९ च्या आसपास चालतो, एक्सपोर्टला वेळ लागेल पण बंद पडण्याची शक्यता बरीच कमी होईल. कायमचा इलाज नाही हा.

प्रश्न : इचलकरंजीत लूमच्या शेडला लागूनच ऑफिस आहे, टॅलीचा पीसी सकाळी बरा असतो, अकरा-बाराला ९० दाखवतो. झाकण काढलं की १५ डिग्रीनं उतरतो. पंखा वरून एकदम स्वच्छ आहे बघा, मग का तापतोय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, तुमचं वरच्या ताईंच्या बरोबर उलट, हळूहळू चढतो आणि झाकण काढल्यावर उतरतो, म्हणजे हवा. पंखा वरून स्वच्छ दिसणारच, कारण तो सुताचा बारीक कापूस खाली ढकलतो आणि तो पंखा नि हीटसिंकच्या मधे जाऊन बसतो. पंखा हीटसिंकवरून सोडवून बघा, मी अशाच एका शेडमधल्या पीसीचा सोडवला होता तर खाली घोंगडीच्या तुकड्यासारखा राखाडी थर, चिमटीत धरला तर अख्खा एका तुकड्यात निघाला! ब्रशने काढा, मग ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पात्यांवर बोट ठेवून पंखा धरून ठेवा, फुकट गरगर फिरला तर बेअरिंगची वाट लागते. तुमच्याकडे हे महिन्याला करावंच लागेल. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीमागेही हाच कापूस असणार, आणि पीसी टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर आधी तो बाहेर काढा, तीच गरम हवा परत परत पितोय तो.

प्रश्न : नवीन रायझन ५ ७६००एक्स प्रोसेसर घेतला, रेंडरिंगला लावला की सरळ ९५. कूलर परत करू का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : किती वेळात ९५ हे इथे विचारत नाही, कारण २०२२ मध्ये आलेली ही ७००० सिरीज मुद्दामच तशी बनवलीय, पूर्ण लोडवर ९५ पर्यंत जायचं आणि तिथे थांबून जमेल तेवढा स्पीड काढायचा, असं रायझन बनवणाऱ्या एएमडीनेच सांगितलंय. नुसतं ब्राउझर उघडल्यावर ९५ येत असेल तर कूलरखालची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढली होतीस का ते आठव, हसू नकोस, भलेभले विसरतात. बाकी होस्टेलच्या खोलीत आवाज आणि गरमी नको असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ६५ वॉटचा, कमी वीज खाणारा इको मोड लाव, स्पीड थोडासाच जातो आणि आकडा बराच खाली येतो.

प्रश्न : पेस्ट बदलायला कूलर ओढला तर रायझन ५ ३६०० सॉकेटमधून उपटून त्याला चिकटूनच बाहेर आला. संपलं का सगळं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही हो काका, बऱ्याचदा वाचतो. एएम४ सॉकेटच्या (तुमचंही तेच) प्रोसेसरवर दाबून धरणारी पट्टी नसते, फक्त बाजूचा लिव्हर पिना धरून ठेवतो, आणि वाळलेली पेस्ट त्याच्याहून घट्ट निघते. म्हणून काढायच्या आधी दहा मिनिटं गेम लावून पीसी गरम करायचा, बंद करून वायर काढायची, मग कूलर पिळून काढायचा, ओढून नाही. आता झालंय तर हेअर ड्रायरने जरा गरम करून प्रोसेसर सरकवत सोडवा, पिनांना हात न लावता. १३३१ पिना आहेत, उजेडात आडव्या धरून रांगा बघा, वाकडी दिसली तर शिसं काढलेल्या ०.७ च्या पेन-पेन्सिलचं टोक तिच्यावर बसवून अगदी हळू सरळ करा. मग लिव्हर वर, सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर सोडून द्या, तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बसत नसेल तर दाबू नका, अजून एखादी पिन वाकडी आहे, परत बघा.